उन्हाचा आकडा, तापाचा आकडा

नागपूरचा पारा ४५ वर गेला असं पेपरात वाचलं की घसा कोरडा पडतो. पण पोराला ३९ ताप आहे असं कुणी सांगितलं, तर आपण गोंधळतो. तापासाठी आपल्याला शंभर, एकशे दोन असेच आकडे लागतात. मेट्रिक वजनमापांचा कायदा १९५६ साली आला, शेर-मण गेले, हवामान सेल्सिअसमध्ये सांगितलं जाऊ लागलं. काखेतल्या थर्मामीटरवर मात्र फॅरनहाइट ठाण मांडून बसला. एकाच घरात उन्हाची पट्टी वेगळी आणि तापाची वेगळी. याचा माग काढताना मी येऊन थांबलो तो ९८.६ या आकड्यापाशी.

हा आकडा फॅरनहाइटचा नाहीच. १७२४ साली त्याने आपली पट्टी मांडली तेव्हा बर्फ, पाणी आणि नवसागराच्या मिश्रणाला शून्य, बर्फ-पाण्याला ३२ आणि निरोगी माणसाच्या शरीराला ९६ असे अंश दिले होते. पुढे पाणी उकळण्याचा बिंदू २१२ धरून पट्टी नव्याने पक्की झाली आणि शरीर ९६ वरून थोडं वर सरकलं. (सेल्सिअसची तऱ्हा आणखी न्यारी. १७४२ मध्ये त्याने उकळत्या पाण्याला शून्य आणि गोठणाऱ्याला शंभर दिले होते. ही पट्टी नंतर इतरांनी उलटी केली.)

९८.६ आलं जर्मनीतून. कार्ल वुंडरलिश या डॉक्टरने सुमारे पंचवीस हजार रुग्णांची तापमानं नोंदवून १८६८ साली ग्रंथ लिहिला आणि निरोगी शरीराचं सरासरी तापमान ३७ सेल्सिअस सांगितलं. सदतीस हा गोळाबेरीज आकडा; थोडं इकडेतिकडे व्हायचंच, आणि तेही त्याने लिहून ठेवलं होतं. पण त्याचं फॅरनहाइट केलं की ९८.६ येतं, आणि त्या दशांशामुळे आकडा सोनाराच्या काट्यावर तोलल्यासारखा वाटतो. काटेकोरपणा मोजमापातला नव्हे, नुसत्या गुणाकारातला. १९९२ साली अमेरिकेत १४८ निरोगी माणसांची तापमानं पुन्हा घेतली, तेव्हा सरासरी ९८.२ भरली. शिवाय सकाळी शरीर थोडं थंड असतं, संध्याकाळी गरम. तेव्हा संध्याकाळी ९९ दिसलं म्हणून ‘कणकण आहे’ असं ठरवून पोराची शाळा बुडवायचं कारण नाही. १००.४ चंही तेच. डॉक्टर ज्याला ताप म्हणतात त्या ३८ चं ते भाषांतर आहे, त्या .४ मध्ये गूढ काही नाही. सीमा मात्र खरी आहे: तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ भरला, तर वाट न पाहता डॉक्टर गाठायचा.

आता रूपांतर. भाची म्युनिकला असते. तिकडच्या थर्मामीटरवर ३८.९ दिसलं की इकडून ताई मला विचारते, “म्हणजे किती रे?” हवेसाठी एक सोपी युक्ती सगळीकडे सांगतात: दुप्पट करा, तीस मिळवा. १० अंशांचे बरोबर ५० येतात, २० चे ६८ ऐवजी ७०. स्वेटर घालायचा की नाही हे ठरवायला एवढं पुरे. तापाला मात्र ही युक्ती कधीही लावू नये. ३८.९ चे तिने १०७.८ होतात, आणि ताई तिकीट काढायला धावेल! खरा हिशेबही तोंडी जमतो: दुप्पट करा, त्यातून दहावा भाग काढा, मग ३२ मिळवा. ७७.८, त्यातून ७.८ गेले, उरले ७०. ३२ मिळवून १०२. ज्यांना एवढंही नको, त्यांनी फ्रिजवर चार जोड्या लिहून लावाव्यात: ३७ ला ९८.६, ३८ ला १००.४, ३९ ला १०२.२, ४० ला १०४.

राहिला फरकाचा हिशेब, आणि लोक अडखळतात ते इथेच. औषध दिल्यावर भाची कळवते, “एकाने उतरला.” ताई म्हणते, “एकच?” फरक काढताना ३२ मिळवायचे नसतात, कारण ते दोन्ही आकड्यांत सारखेच असतात, नुसतं १.८ ने गुणायचं. ३८.९ चा ३७.९ झाला म्हणजे आपल्या पट्टीवर १०२ चा १००.२. पट्ट्या ठेवणं थांबवून पोराला झोपू द्यावं, इतका उतार तो आहे.