शून्याचा भरवसा

1991 साली मी जलशुद्धीकरण केंद्रात ऑपरेटर म्हणून लागलो, तेव्हा क्लोरीन गळतोय का हे सांगणारं एकच यंत्र होतं. नाक. रात्रपाळीचा जुना फिटर क्लोरीनच्या खोलीचं दार जरासं किलकिलं करायचा, हुंगायचा आणि रजिस्टरात ‘ठीक’ लिहायचा. सर्दीने नाक चोंदलेलं असलं तरी ‘ठीक’च. बरं, धडधाकट नाकाचाही भरवसा नाही. खोलीत बराच वेळ वावरलं की वास येईनासा होतो, वायू मात्र तिथेच असतो.

संशय आलाच तर अमोनियाची बाटली निघायची. काठीला कापसाचा बोळा गुंडाळून अमोनियात भिजवायचा आणि टनरच्या, म्हणजे क्लोरीनच्या मोठ्या सिलिंडरच्या, व्हॉल्व्हभोवती, सांध्यांभोवती हळूहळू फिरवायचा. जिथे गळती तिथे पांढरा धूर. हा धूर म्हणजे नवसागर, कल्हईवाल्याकडचा तोच. नेमकी जागा दाखवायला अजूनही याच्यासारखं साधन नाही. पण बोळा फिरवायचा म्हणजे माणूस आत जाऊन उभा राहिलेला असतो.

2003 साली डिटेक्टर आला. ठेकेदाराच्या माणसाने सेन्सर जमिनीपासून फूटभर उंचीवर ठोकला, तेव्हा आम्ही हसलो. “मांजरासाठी बसवलाय का?” असं कुणीतरी विचारलंही. क्लोरीन हवेच्या अडीच पट जड, तो तळाशी साचतो, हे त्याने समजावलं. 1 पीपीएमला पिवळा दिवा आणि बझर, 3 पीपीएमला लाल दिवा आणि सायरन. आकडा बाहेरच्या पॅनलवर दिसायचा, म्हणजे दार उघडायची गरज नाही. माझ्या लेखी खरी क्रांती ही होती.

पहिली दोन वर्षं मात्र त्याने वात आणला. सफाईवाल्या मावशी ब्लीचिंग पावडर टाकून व्हरांडा धुवायच्या, की बझर. फरशीवरचं पाणी सेन्सरवर उडालं, की बझर. साहेब वैतागायचे, मग कुणीतरी बझरची वायर काढून ठेवायचं. त्या ‘कुणीतरी’त मीही होतो.

भोपाळ आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. त्या कारखान्यात एमआयसीची, म्हणजे मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनाची, गळती कामगारांना डोळ्यांत पाणी आल्यावर कळायची. मर्यादा 0.02 पीपीएम आणि डोळे चुरचुरतात 2 पीपीएमच्या आसपास, म्हणजे शंभर पट झाल्यावर. 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री वस्तीसाठीचा भोंगा सुरू करून थोड्याच वेळात बंद केला गेला, तो पुन्हा वाजला दोनच्या सुमाराला. हे सगळं वहीत उतरवून घेतलेला मी, वायर काढताना ती वही आठवली नाही.

2006 च्या जुलैतली रात्र. बाहेर धो धो पाऊस. एकच्या सुमारास बझर वाजला. जोडीला नवा पोरगा होता. “काका, नेहमीचंच असेल. म्यूट करू?” वायर त्या आठवड्यात जागेवर होती, हे नशीब. मी पॅनलकडे पाहिलं. 1.1. मग 1.3. मावशींच्या ब्लीचिंगने आकडा टणकन उडी मारतो आणि खाली येतो. हा सावकाश चढत होता, पायऱ्या मोजत चढल्यासारखा. आणि रात्री एक वाजता फरशी कोण धुणार?

बझर चालूच ठेवला. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी भिजून लोंबत होती, म्हणून झाडांच्या फांद्यांवरून अंदाज घेतला आणि पोराला क्वार्टर्समधल्या लोकांना उठवून वाऱ्याच्या उलट बाजूला न्यायला पाठवलं. एकट्याने आत जायचं नाही हा नियम, म्हणून पंपावरच्या माणसाला बोलावलं. दोघांनी पाठीवर हवेची नळकांडी चढवली, मास्क घट्ट केले. तोवर 3 ओलांडून सायरन सुरू झाला होता. गळतीवर पाणी मारायचा मोह होतो, पण ते करायचं नाही. क्लोरीन आणि पाण्याचं आम्ल होतं, ते धातू खातं आणि भोक वाढतं. बोळा फिरवला. संध्याकाळी जोडलेल्या टनरच्या जोडणीवरून धुराची पांढरी दोरी निघाली. पाना लावून टनरचा व्हॉल्व्ह बंद केला. आकडा उतरायला वीसेक मिनिटं लागली.

सकाळी जोडणी उघडली. शिशाचा वॉशर दोन्ही बाजूंनी चपटा झालेला होता, जुनाच परत वापरलेला. प्रत्येक जोडणीला नवा वॉशर, हा पहिल्या दिवशी शिकवलेला धडा. टनर जोडल्याची रजिस्टरातली सही माझी होती.

14 जुलै 2010 ला शिवडीच्या हाजी बंदरात वर्षानुवर्षं पडून असलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला आणि कित्येक जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्यानंतर आमच्याकडेही तपासणीची लगबग सुरू झाली. तिच्यात एक गोष्ट उघडकीला आली, जिने मला त्या जुलैच्या रात्रीपेक्षा जास्त घाबरवलं. आमचा सेन्सर मेलेला होता. आतलं रसायन दोन-तीन वर्षांत संपतं किंवा सुकतं, तो बदलावा लागतो. बदललाच नव्हता. पॅनलवर मात्र रोज 0.0, आणि रजिस्टरात रोज ‘ठीक’. नाक चोंदलेल्या त्या फिटरची आठवण झाली.

मग आम्ही एक रीत पाडली. रीतसर तपासणी कंपनीचा माणूस ठरलेल्या मुदतीत करायचा, पण मधल्या काळात दर सोमवारी सेन्सरजवळ ब्लीचच्या बाटलीचं उघडं झाकण क्षणभर धरायचं. आकडा हलला तरच रजिस्टरात सही. ‘ठीक’ हा शब्द खोडून तिथे दोन रकाने आखले : धरण्याआधी, धरल्यावर.

2023 साली निवृत्त झालो तो सोमवार नव्हता. तरी जाताना झाकण धरलं. 0.0, 0.0, मग 0.6. पोराने, आता तोही चाळिशीचा झालाय, रकाना भरला आणि बझर न वाजल्याबद्दल मला चिडवलं.