तोंडी लावण्यापुरतं ऊन

कॅलिफोर्नियाच्या मोहावे वाळवंटात ‘लुझ’ या कंपनीने 1984 ते 1990 या काळात पन्हळीसारख्या आरशांची नऊ सौर वीजकेंद्रं उभी केली. क्षमता 354 मेगावॅट. ऊन कमी पडलं की नैसर्गिक वायू जाळून वाफ करायची सोय होती. 1991 मध्ये लुझ बुडाली, पण तिची एक कल्पना टिकली. सौर वाफेसाठी वेगळं टर्बाइन कशाला? गॅस केंद्रात वाफेचं टर्बाइन असतंच, तिथेच ती सोडावी.

कल्पना खरोखर देखणी होती. गॅस टर्बाइनमधून बाहेर पडणारे वायू सुमारे 600 अंशांचे असतात. त्यांच्या उष्णतेवर वाफ करून दुसरं टर्बाइन फिरवतात. आरशांनी 390 अंशांपर्यंत तापवलेल्या तेलाच्या उष्णतेवर केलेली वाफ त्यातच मिसळायची. शिवाय भर उन्हात हवा विरळ होऊन गॅस टर्बाइनची वीज घटते, आणि नेमकी तेव्हाच आरशांची वाफ भरात असते.

पहिल्या मानकऱ्यांत भारत होता. जोधपूरजवळच्या मथानियात (हो, तिखट लाल मिरचीचं तेच मथानिया) 140 मेगावॅटचं केंद्र ठरलं, त्यात सौर वाटा 35 मेगावॅटच्या आसपास. जागतिक पर्यावरण निधीचं जवळपास 5 कोटी डॉलरचं अनुदानही मंजूर झालं. ऊन मुबलक, गॅस मात्र नाही. नाफ्था जाळायचा की द्रवरूप वायू आणायचा, या घोळात वर्षं गेली. नाफ्थ्याची वीज काय भावाने पडते, हे 1999 पासून दाभोळच्या वीजकेंद्राने आपल्याला दाखवलंच होतं. मथानिया बारगळलं.

उत्तर आफ्रिकेत गॅसची अडचण नव्हती. अल्जीरियाचं हासी रमेल तर वायूक्षेत्रातच. तिथे 150 पैकी सुमारे 20 मेगावॅट उन्हाचे, इजिप्तच्या कुरैमातमध्ये 140 पैकी 20. मोरोक्कोच्या ऐन बेनी मथारमध्ये मात्र 470 पैकी जेमतेम 20. म्हणजे ऊन तोंडी लावण्यापुरतं. गॅस रात्रीही जळत असल्याने वर्षभराच्या विजेत हा वाटा आणखी आक्रसतो. अशा केंद्राला ‘सौर’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

ही केंद्रं 2010-11 मध्ये सुरू झाली आणि त्याच सुमारास सौर पॅनेलचे भाव कोसळले. आरसे, तेल, नळ्या यांचा पसारा कोण मांडणार? राजस्थानातच पुढे भडल्यात 2,245 मेगावॅटची पॅनेलं लागली. तिथे गॅसशी काही संबंध नाही. आणि गॅसचं म्हणाल, तर 2024 मध्ये देशात सुमारे 25,000 मेगावॅटची गॅस केंद्रं होती, पण महागड्या इंधनापायी ती बहुतेक काळ थंड असायची. त्या उन्हाळ्यात विजेची मागणी वाढली तेव्हा ती चालवायला सरकारला आदेश काढावा लागला.