बांधकाम व्यवसाय आणि हवेच्या गुणवत्तेचे नियमन

इमारती, रस्ते, पूल, भुयारी मार्ग इ. बांधकामांतून हवेत मिसळणारी धूळ व तेथील यंत्रांचा धूर यांवर कायद्याने घातलेली बंधने आणि त्यांचे या व्यवसायावर होणारे परिणाम. कारखान्याच्या धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या प्रदूषकांचे मापन एका ठिकाणी करता येते. बांधकामाची धूळ मात्र खोदाई, पाडकाम, दगड कापणे, खडी-वाळूचे ढीग, मालमोटारींची ये-जा अशा अनेक ठिकाणांहून उडते आणि काम पुढे सरकले की तिची उगमस्थानेही बदलतात. म्हणून या क्षेत्रातील नियम उत्सर्जनाची मर्यादा आकड्यात सांगण्याऐवजी बहुधा काम करण्याची रीत ठरवून देतात.

धुळीतील जाड कण जवळपास खाली बसतात. १० मायक्रोमीटरपेक्षा लहान कण हवेत तरंगत राहून श्वसनमार्गात शिरतात, तर २·५ मायक्रोमीटरपेक्षा लहान कण फुप्फुसात खोलवर पोहोचतात. डीझेलच्या धुरातील कण मुख्यत्वे या दुसऱ्या प्रकारचे असतात. दगड व काँक्रीट कापताना उडणाऱ्या स्फटिकी सिलिकेच्या धुळीमुळे सिलिकोसिस हा फुप्फुसाचा असाध्य रोग होतो.

भारतात या नियमनाचा पाया हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१ आणि पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ हे होत. २००९ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय मानकांनुसार २४ तासांच्या सरासरीने दर घन मीटर हवेत १० मायक्रोमीटरपर्यंतचे कण १०० मायक्रोग्रॅमपेक्षा व २·५ मायक्रोमीटरपर्यंतचे कण ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नयेत. ही मानके शहराच्या हवेसाठी आहेत. एखाद्या बांधकामाचा त्यातील वाटा वेगळा काढणे कठीण असते. ही उणीव २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने काही अंशी भरून काढली. तीनुसार मानके ओलांडणाऱ्या शहरांत बांधकामाभोवती वारा अडविणारे कुंपण घालणे, माल झाकून नेणे, राडारोडा व वाळू उघड्यावर न ठेवणे, दगड कापताना पाण्याचा मारा करणे आणि कामाकडे जाणारा रस्ता पक्का करणे बंधनकारक झाले. यांतील बहुतेक उपाय साधे आहेत. मोठ्या कंत्राटदाराला त्यांचा खर्च एकूण खर्चाच्या मानाने फारसा जाणवत नाही. अरुंद गल्लीतील लहान बांधकामास मात्र ढीग झाकून ठेवण्यापुरती जागाही नसते.

यंत्रांसाठी निराळे नियम आहेत. चाकांवर चालणाऱ्या नव्या बांधकाम यंत्रांच्या एंजिनांस १ एप्रिल २०२१ पासून चौथ्या व १ जानेवारी २०२५ पासून पाचव्या टप्प्याची भारतीय मानके लागू झाली. पाचव्या टप्प्यात काजळीचे कण अडविणारी गाळणी जवळजवळ अपरिहार्य ठरते. त्यामुळे यंत्राची किंमत वाढते, उत्तम प्रतीचे इंधन व वेळोवेळी देखभाल यांची गरज भासते. जुन्या यंत्रांना ही मानके लागू नसल्याने त्यांचा लाभ सावकाशच दिसून येतो.

सर्वांत कठोर परिणाम काम थांबविण्याच्या आदेशांचा होतो. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली व परिसरातील बांधकाम व पाडकाम यांस बंदी घातली. डिसेंबरात दिवसा काम करण्याची मुभा मिळाली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये बंदी पूर्णपणे उठली. दिल्लीच्या टप्पेवार कृतियोजनेत हवा गुणवत्ता निर्देशांक ४०० च्या वर गेला की बहुतेक बांधकामे थांबतात. नळकाम, विजेची जोडणी, सुतारकाम यांसारखी धूळ न उडविणारी कामे चालू राहतात. ४५० च्या वर महामार्ग, उड्डाणपूल अशा सार्वजनिक कामांनाही बंदी लागू होते. अशी बंदी हिवाळ्यात, म्हणजे पावसाळ्यानंतर काम जोमात आलेले असताना येते. खोदलेला पाया उघडा पडून राहतो, भाड्याने आणलेल्या यंत्रांचे भाडे व कर्जावरील व्याज चालूच राहते आणि गावी परतलेले मजूर बंदी उठताच परत येतील याची शाश्वती नसते.

मुंबईत समुद्रावरील वाऱ्यामुळे हवा निवळते, हा समज अलीकडच्या हिवाळ्यांनी खोटा ठरविला. ऑक्टोबर २०२३ मध्ये महानगरपालिकेने काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एक एकरापेक्षा मोठ्या भूखंडाभोवती किमान ३५ फूट व त्याहून लहान भूखंडाभोवती २५ फूट उंचीचे पत्र्याचे कुंपण, इमारतीस हिरवे कापड किंवा ताडपत्रीचे आच्छादन, तुषार उडविणारी यंत्रे व बाहेर पडणाऱ्या वाहनांची चाके धुण्याची सोय आवश्यक ठरली. डिसेंबर २०२४ अखेरीस भायखळा व बोरिवली पूर्व या भागांतील सर्व बांधकामे काही काळ थांबविण्यात आली. संपूर्ण शहराऐवजी विभागापुरती बंदी घालण्याची ही पद्धत अधिक न्याय्य म्हणता येईल. तथापि नियम पाळणाऱ्यालाही ती न पाळणाऱ्याइतकीच भोवते.

बंदीचा पहिला फटका नाक्यावर उभ्या राहणाऱ्या रोजंदारी मजुरास बसतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकाम कामगारांसाठी गोळा केलेल्या उपकरातून बंदीच्या काळात त्यांना निर्वाहभत्ता देण्याचा आदेश राज्यांना दिला. हा उपकर १९९६ च्या कायद्यान्वये बांधकाम-खर्चावर बसविण्यात आला होता. मात्र मदत नोंदणी झालेल्यांनाच मिळते आणि एका कामावरून दुसऱ्या कामावर जाणाऱ्या अनेक मजुरांची नोंदणी झालेली नसते. काम चालू असतानाही कुंपण व आच्छादन यांचा उपयोग प्रामुख्याने बाहेरच्या वस्तीस होतो. आतील धूळ आतच कोंडते आणि ती दिवसभर मजुरांच्या श्वासावाटे शरीरात जाते. तिच्यापासून त्यांचे रक्षण पाण्याचा मारा करून दगड कापल्याने व चेहऱ्यावर घट्ट बसणाऱ्या गाळणीयुक्त मुखपट्टीने होऊ शकते. नुसता रुमाल बांधल्याने सूक्ष्म सिलिका अडत नाही.