नुसत्या आवाजावर उभी राहणारी कादंबरी

"आलास." आणि "आलास?" शब्द तोच. सूर खाली उतरला की सांगणं, वर चढला की विचारणं. आणि 'ला' जरा लांबवला की उशिरा आलेला मुलगा चपला काढतानाच समजून जातो, आई चिडली आहे.

आवाजाची ही ताकद ऐकायची तर अभिवाचन ऐका. आपल्या तळेगाव दाभाड्यात राहिलेले कादंबरीकार गो. नी. दांडेकर (१९१६–१९९८), आपले गोनीदा, तरुणपणी गाडगे महाराजांबरोबर फिरलेले. त्यांची वाक्यं कागदावरही बोलतात. त्यांच्या कादंबऱ्यांची अभिवाचनं कन्या वीणा देव, जावई विजय देव आणि नात मृणाल कुलकर्णी यांनी वर्षानुवर्षं केली. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. हातात फक्त संहिता. निवेदनाचा सूर संथ, संवाद आला की लय बदलते, आणि मध्ये क्षणभराची शांतता. मला तर ती शांतताच सगळ्यात मोलाची वाटते, कारण तेवढ्यात ऐकणारा स्वतः चित्र रंगवतो.

घरी करून बघा. गोनीदांच्या 'पवनाकाठचा धोंडी' या कादंबरीचं एक पान आधी भराभर वाचा. मग तेच पान, प्रत्येक संवादाआधी एक श्वास थांबून. ऐकता ऐकता शेंगा सोलत बसलेल्या आजीचे हात कुठे थांबतात, तेवढं बघा आणि मला नक्की कळवा.