गाजरगवताचे भाऊबंद

गाजरगवत जागृती सप्ताह १६ ते २२ ऑगस्टला असतो. जबलपूरचं तण संशोधन संचालनालय दरवर्षी तो देशभर राबवतं आणि त्याची बातमीही दरवर्षी तीच असते: हातमोजे घातलेले पाहुणे, उपटलेल्या झाडांचा ढीग, मागे फलक. अंगाला सुटणारी खाज, दमा, दुधाला येणारा कडवटपणा हे पुन्हा उगाळण्यात हशील नाही. खानदेशातल्या बोदवड तालुक्यात कपाशीच्या निंदणीला जाणारी कुठलीही बाई गाजरगवत बांधावरून ओळखते. या तणाचे भाऊबंद कोण, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. प्रश्न पुस्तकी वाटतो खरा. पण एकदा तो थेट सूर्यफुलाच्या पिकापर्यंत येऊन ठेपला होता.

जाता जाता एक. हे तण पीएल-४८० या अमेरिकी अन्नमदतीच्या गव्हातून आलं, असं आपण फारच बिनघोर सांगतो. पुण्यात ते १९५५ साली दिसलं, वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये नोंद छापली. भारताचा पहिला पीएल-४८० करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. अमेरिकी गहू त्याआधीही, १९५१ च्या कर्जातून, येत होताच, त्यामुळे गव्हावरचा संशय फिटत नाही. आरोपपत्रातली तारीख मात्र चुकलेली आहे.

आता त्या तणाचं एक पांढरं फूल तोडून बघा. कातडी नाजूक असेल तर हातमोजा घालून. जेमतेम चार मिलिमीटरचं. ते एक फूल नाहीच, गुच्छ आहे. मध्ये चाळीसेक बारीक फुलं दाटलेली, ती फक्त पराग देतात. कडेला पाच कोपऱ्यांवर पाच मादी फुलं, आणि बी धरतं ते या पाचांनाच. गुच्छाला पाच बिया, बस. पण गुच्छच इतके लागतात की एक झाड हजारोंनी बी सांडतं. सूर्यफुलात हिशेब उलटा: कडेची पिवळी फुलं वांझ, दाणा भरतो तो मधल्या चकतीत.

अनेक फुलांनी मिळून एका फुलाचं सोंग घ्यायचं, ही या कुळाची खूण. नाव अ‍ॅस्टरेसी, जुनं नाव कंपोझिटी, आणि नियमाने दोन्ही चालतात. जगातल्या सपुष्प वनस्पतींत साधारण दर दहा जातींमागे एक या कुळातली. कासच्या सोनकीचे फोटो दर सप्टेंबरला पुरवण्यांत (आमच्याही) छापून येतात, तीही यातलीच.

एवढ्या गोतावळ्याची वंशावळ लावायला बसला तो माणूस वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक नव्हता. हेन्री कॅसिनी पॅरिसमध्ये न्यायाधीश होता. घराणं खगोलशास्त्रज्ञांचं: शनीच्या कड्यांमधल्या फटीला ज्याचं नाव आहे, तो याचा खापरपणजोबा. या पठ्ठ्याने आकाश सोडलं आणि कोर्टातून उरलेला वेळ या एकाच कुळाला दिला. पाकळीचा रंग आणि पानाचा आकार यांवर न विसंबता तो भिंगाखाली परागकोश आणि कुक्षिवृंताची दुभंगलेली टोकं तपासत बसे. १८१६ मध्ये त्याने कुळाच्या शाखांचा नातेसंबंध दाखवणारा आराखडा छापला. डार्विनचा ग्रंथ यायला तेव्हा चार दशकं अवकाश होता! त्याने पाडलेल्या शाखांपैकी बऱ्याच आजही टिकून आहेत. १८३२ च्या पॅरिसमधल्या कॉलऱ्यात तो गेला. खानदेशाशी त्याचा धागा चटणीचा आहे. आपल्या कारळ्याला, म्हणजे खुरासणीला, गुइझोशिया हे प्रजातिनाम त्यानेच दिलं, गिझो या इतिहासकाराच्या नावावरून. हा गिझो पुढे फ्रान्सचा पंतप्रधान झाला. सातपुड्याच्या पायथ्याला पिकणाऱ्या तेलबीवर फ्रेंच पुढाऱ्याचं नाव!

कॅसिनीला जे भिंगाने दिसलं नाही ते १९८७ मध्ये जॅन्सन आणि पामर या संशोधकांना हरितलवकाच्या डीएनएत सापडलं. जवळजवळ साऱ्या कुळात या डीएनएचा सुमारे २२ हजार अक्षरांचा एक तुकडा उलटा बसलेला आहे. तो सरळ राहिला फक्त दक्षिण अमेरिकेतल्या एका छोट्या गटात, म्हणजे तो गट सर्वांत आधी फुटून वेगळा झाला. बोदवडच्या शिवारातले सगळे उलट्या तुकड्याचे.

त्यांच्यातही जवळचे-लांबचे आहेतच. करडई आणि सूर्यफूल बाजार समितीत शेजारी बसतात, दोन्ही तेलबिया. पण करडईचं सख्य बांधावरच्या काटेरी उंटकटारीशी. दोघी एका शाखेतल्या. सूर्यफुलाच्या शाखेत सापडतं ते गाजरगवत. या भागातली झाडं नोंदलेलीही आहेत: वनस्पतींचे अभ्यासक डी. ए. पाटील यांनी धुळे-नंदुरबारच्या वनस्पतींची, आणि क्षीरसागर यांच्यासोबत जळगावच्या वनस्पतींची जाडजूड सूची करून ठेवली आहे. सप्ताहाच्या फलकांवर यातलं काही उतरत नाही, हे खटकतं.

वनस्पतींची शास्त्रीय नावं बदलत राहतात, अशी तक्रार असते, आणि ती निम्मी खरी आहे. शेवंतीचं क्रायसँथेमम हे नाव १९६१ नंतर काढून डेंड्रँथेमा लावलं गेलं. फूलबाजार हलला, अर्ज झाले, आणि १९९९ च्या सेंट लुईसमधल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसच्या सुमारास जुनं नाव परत मिळालं. माक्यासाठी कोण भांडणार? त्याचं मान्य नाव एक्लिप्टा प्रोस्ट्राटा, तरी तेलाच्या बाटल्यांवर अजून एक्लिप्टा अल्बा छापून येतं. दसऱ्याला अ‍ॅस्टर म्हणून विकली जाणारी फुलं तर कॅलिस्टेफस. ज्याच्या नावावरून कुळाला नाव पडलं त्या अ‍ॅस्टर प्रजातीत ती बसतच नाहीत. नाव बदललं म्हणून शेतकऱ्याचं फारसं बिघडत नाही. नातं चुकलं तर बिघडतं.

ते असं. गाजरगवत खाणारा मेक्सिकन भुंगा, झायगोग्रामा, १९८३ मध्ये बंगळुरूला आणला, १९८४ मध्ये शिवारात सोडला. काही वर्षांत तो सूर्यफुलाची पानं कुरतडताना दिसला आणि कर्नाटकात हलकल्लोळ उडाला. दोन्ही झाडं एका शाखेतली, तेव्हा भीती निराधार म्हणता येईना. नवे भुंगे सोडणं थांबलं, चौकशी समिती बसली. संशोधकांना उत्तर पानावरच मिळालं: शेजारच्या गाजरगवताचे पराग सूर्यफुलाच्या पानांवर पडले होते, आणि भुंगा त्या परागांना भुलून तोंड लावत होता. सूर्यफुलावर त्याची पिढी वाढत नव्हती. पुढे बंदी उठली. आजही पावसाळ्यात गाजरगवताची पानं चाळणीसारखी दिसली तर करामत बहुधा त्याचीच. तिथे तणनाशक मारण्याची घाई करू नये.

या शाखेच्या आत आणखी एक लहान घर आहे. त्यात गाजरगवताबरोबर राहतो तो धोतराला चिकटणाऱ्या बोंडांचा गोखरू, ज्याला शंकेश्वर म्हणतात (सराट्यालाही गोखरू म्हणतात, तो हा नव्हे). भुंगा त्याच्यावरही चरताना नोंदला गेला आहे. गोखरूचं पीक कुणी घेत नाही, त्यामुळे तिथे समिती बसली नाही.