व्याजाच्या भीतीने पेन्शन सोडावी का?

ब्रिटनमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या कोकणी मुलांकडून आम्ही वारंवार ऐकतो, "पेन्शनमध्ये व्याज येते, म्हणून नाव काढून टाकले." व्याज टाळण्याची त्यांची तळमळ आम्हाला पटते. पण नाव काढण्याआधी हिशेब पाहायला हवा.

तिथे ऑक्टोबर 2012 पासून टप्प्याटप्प्याने नवा नियम लागू झाला. 22 वर्षे पूर्ण झालेल्या आणि वर्षाला 10,000 पौंडांहून जास्त कमावणाऱ्या नोकरदाराचे नाव मालक आपोआप पेन्शन योजनेत घालतो. हिशेबात धरलेल्या पगारातील दर 100 पौंडांमागे किमान 8 पौंड जमा होतात. साधारणपणे 4 नोकरदाराचे, 3 मालकाचे आणि 1 करसवलतीचा. नाव काढले की आपले 4 वाचतात, पण दुसरे 4 हातचे जातात.

आपण काही निवडले नाही, तर पैसे नेहमीच्या फंडात जातात. त्यात व्याजी रोखे आणि बँकांचे शेअरही असू शकतात. पण सरकारने उभ्या केलेल्या 'नेस्ट' योजनेत शरिया फंडही आहे. दारू, जुगार, व्याजी बँका यांपासून तो दूर राहतो. मात्र शेअरबाजारामुळे त्यात चढउतार मोठे असतात, आणि तो नोकरदाराला स्वतः निवडावा लागतो.

म्हणून मुलाचा फोन आला की विचारा : तुझी पेन्शन कोणत्या योजनेत आहे? तिथे शरिया फंड आहे का? शंका राहिली तर आलिमांचा सल्ला घ्यावा. नाव आधीच काढले असेल, तर मालकाला कळवून पुन्हा सामील होता येते.