पंधरा किलोंचा हिशेब

प्रवासास निघण्याच्या आदल्या रात्रीं एकत्र कुटुंबाच्या माजघरांत जो देखावा असतो, तो आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. मध्यें उघड्या बॅगा पसरलेल्या असतात, भोंवतीं कपड्यांचे ढीग असतात, आणि प्रत्येक दारांतून कोणी ना कोणी हातांत एक वस्तु घेऊन येत असतें. "एवढें एक असूं द्या, वेळेला लागतें," हें वाक्य त्या रात्रीं आमच्या घरांत तरी निदान पंचवीस वेळां उच्चारलें जातें. वस्तु लहानच असते: सुईदोऱ्याची डबी, सुंठेची पुडी, एखादी जादा शाल. अखेर झांकण लागावें म्हणून बॅगेवर नातवास बसवावें लागलें, कीं बांधाबांध यथास्थित झाली, असें आम्ही आजवर समजत आलों. हा समज किती महाग आहे, तें आम्हांस गेल्या मार्गशीर्षांत कळलें.

आमची पिढी आगगाडीवर वाढली, हें या खोडीचें मूळ होय. लोखंडी ट्रंक, वळकटी, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा घेतल्यावांचून घराचा उंबरा ओलांडावयाचा नाहीं, हें आम्ही बाळपणीं पाहिलें. आगगाडीही मोठ्या मनाची. आजसुद्धां तिच्या नियमांत दुसऱ्या वर्गाच्या उतारूस ३५ किलो, शयनयानाच्या उतारूस ४० किलो आणि वातानुकूलित पहिल्या वर्गाच्या उतारूस ७० किलो सामान विनामूल्य नेण्याची मुभा आहे. त्याहून अधिक नेल्यास भाडें पडतें खरें. परंतु आमच्या ट्रंकेचें वजन स्टेशनांत कोणीं केल्याचें आम्हांस आठवत नाहीं. ट्रंक उचलावयास हमाल असे, तो घासाघीस करून चार पैसे कमी घेई, आणि आम्ही त्याच्या मागून रिकाम्या हातांनीं चालत असूं. ओझें म्हणजे दुसऱ्यानें वाहावयाची वस्तु, ही शिकवण अशी नकळत अंगवळणी पडली.

विमानाचें तसें नाहीं. देशांतल्या देशांत जाणाऱ्या बहुतेक विमानांत साध्या वर्गाच्या उतारूस १५ किलोंची बॅग विमानाच्या पोटांत व ७ किलोंची पिशवी हातांत, एवढीच परवानगी असते. त्यापुढें दर किलोस पैसे, आणि ते ऐन वेळीं काउंटरवर दिल्यास घरून आधीं भरल्यापेक्षां जास्त.

आम्ही सात जण काशीयात्रेस निघालों होतों: वडील बंधु व वहिनी, आम्ही उभयतां, चिरंजीव व सूनबाई, आणि नऊ वर्षांचा नातू. दादांचें वय ७४, आमचें ६६. पुण्याहून विमान होतें. आम्हीं शाळेंत संस्कृत व वेळप्रसंगीं गणितही शिकविलें, तेव्हां हिशेब अर्थातच आम्हीं मांडला. सात माणसें, प्रत्येकीं १५ किलो, म्हणजे १०५. घरच्या काट्यावर सर्व बॅगा मिळून साडेसत्त्याण्णव किलो भरल्या. साडेसात किलो शिल्लक! आम्हीं ही गोष्ट सर्वांस दोनदां सांगितली.

परंतु तिकिटें चिरंजीवांनीं दोन खेपांस काढलीं होतीं. आधीं आम्हां चौघां वडील माणसांचीं, मग त्या तिघांचीं. एका आरक्षणांतील माणसांच्या वजनाची बेरीज त्या कंपनीस मान्य होती, दोन आरक्षणांची मान्य नव्हती. तिघांच्या बॅगा ३१ किलो भरून पट्ट्यावरून आंत निघून गेल्या. मग आमच्या चौघांच्या काट्यावर चढल्या: १८, साडेसतरा, १६ आणि १५. एकूण साडेसासष्ट, हक्क साठांचा. ज्या बॅगांत आमचें जादा ओझें मावलें असतें, त्या केव्हांच दृष्टीआड झाल्या होत्या. काउंटरवरील मुलगी आमच्या सुनेच्या वयाची. तिनें मोठ्या सौजन्यानें सुचविलें कीं, कांहीं सामान हातांतल्या पिशव्यांत घालतां येईल. तेव्हां मागें पंचवीस-तीस माणसें खोळंबलेलीं असतां आम्हीं सर्वांत जड बॅग खालीं ठेवून उघडली.

ती आमची स्वतःची होती. घरून निघतांना आम्ही वहिनींच्या शालींवर आणि सूनबाईंच्या चपलांच्या जोडांवर यथेच्छ बोललों होतों. आतां आमच्या बॅगेंतून काय निघालें, तें लिहितांना संकोच वाटतो. पितळेचें ताम्हन व पळी-पंचपात्री. अमरकोशाची बांधीव प्रत आणि गीतेवरचे दोन जाड ग्रंथ, जे घाटावर बसून वाचावे असा आमचा बेत होता. रबराची शेकावयाची पिशवी. बुटांचा दुसरा जोड. आणि काशींत थंडी फार म्हणून एक घोंगडी. हें सर्व आमच्या कुटुंबानें भरलें होतें हें खरें, पण आम्हीं एकेक नांव घेऊन सांगितलें म्हणून भरलें होतें. ती कांहीं बोलली नाहीं. ग्रंथ हातांतल्या पिशव्यांत गेले, अडीच किलो उतरले, आणि उरलेल्या चार किलोंचे अडीच हजारांच्या घरांत रुपये आम्हीं मुकाट्यानें दिले. पुढें तपासणीच्या ठिकाणीं वहिनींच्या पिशवींतल्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही राहिल्या. खोबऱ्यांतील तेलामुळें तें आपोआप तापून पेट घेऊं शकतें, म्हणून विमानाच्या नियमांत त्याची गणना धोक्याच्या मालांत होते. आम्ही जन्मभर खोबरें खाल्लें, पण त्याचा हा स्वभाव आम्हांस ठाऊक नव्हता.

विमान आकाशांत चढल्यावर आमचा संतापही बराच चढला होता, हें कबूल करतों. चिरंजीवांनीं मग या शुल्काचा इतिहास सांगितला. अमेरिकेंत पूर्वीं बॅगेचे वेगळे पैसे नसत. २००८ सालीं खनिज तेलाचे भाव भडकले, तेव्हां अमेरिकन एअरलाइन्सनें पहिल्याच बॅगेस १५ डॉलर घेण्यास आरंभ केला, आणि इतरांनीं तिचा कित्ता गिरविला. तेलाचे भाव पुढें उतरले. शुल्क उतरलें नाहीं. त्यांत एक गोम अशी कीं, तेथील केंद्र सरकारचा साडेसात टक्के कर देशांतर्गत प्रवासाच्या भाड्यावर बसतो, बॅगेच्या शुल्कावर बसत नाहीं. तेव्हां तोच डॉलर भाड्याऐवजीं बॅगेच्या नांवानें घेतला तर कंपनीचा फायदाच. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानें २०१६ सालीं असा निर्बंध घातला होता कीं, १५ ते २० किलोंमधील जादा वजनास किलोमागें १०० रुपयांहून अधिक घेऊं नये. कंपन्या न्यायालयांत गेल्या व २०१७ सालीं दिल्ली उच्च न्यायालयानें तो रद्द केला. २०२१ पासून तर बॅगच न नेणाऱ्यास स्वस्त तिकीट देण्याची मोकळीक कंपन्यांस मिळाली आहे.

हा व्यवहार आम्हांस सर्वस्वी अन्यायाचा वाटत नाहीं. आकाशांत प्रत्येक किलो तेल जाळूनच तोलला जातो. एक पिशवी घेऊन निघणाऱ्या तरुणानें आमच्या ताम्हनाचें तेल कां भरावें? परंतु ज्या घरांत तान्हें मूल आहे किंवा आजारी म्हातारें माणूस आहे, त्यांचें ओझें हौसेचें नसतें, आणि काटा हौस व गरज यांत भेद करीत नाहीं. हा भेद घरींच करून निघावें लागतें, आणि तो आम्हीं केला नव्हता.

त्याची खरी किंमत काशींत भरावी लागली. आम्ही दुर्गाघाटाच्या बाजूस उतरणार होतों. त्या भागांत महाराष्ट्रीय कुटुंबांची वस्ती जुनी आहे. मोटार एका ठिकाणीं थांबते, आणि पुढें गल्ल्या सुरू होतात. त्या इतक्या अरुंद, कीं समोरून गाय आली तर माणसानें दारांत शिरावें. फरशी उंचसखल, जागोजाग पायऱ्या. बॅगेचीं चाकें तेथें शोभेचीं. चिरंजीव दोन बॅगा घेऊन पुढें गेले व आम्हांस थांबावयास सांगून गेले. आम्ही भाड्याचा वाद मिटविण्यांत गुंतलों होतों. दादांस थांबणें ठाऊक नाहीं. त्यांनीं हातास लागली ती बॅग उचलली आणि चालूं लागले. दहाबारा पायऱ्या चढल्यावर ते मधल्या पायरीवर बसले. आम्ही पोंचलों तेव्हां त्यांचा चेहरा पांढरा पडला होता व कपाळावर थंडींतही घाम होता. वहिनी उपरण्यानें वारा घालीत होत्या. समोरच्या घरांतून कोणीं पाणी आणून दिलें. दादा म्हणाले, "अरे, कांहीं नाहीं, जरा दम लागला." संध्याकाळीं वैद्यकीय तपासणी झाली, रक्तदाब वाढला होता, बाकी सर्व ठीक होतें, आणि दोन दिवस विश्रांति सांगितली.

त्यांनीं उचललेली बॅग आमची होती. विमानतळावरचे रुपये आम्ही आठ दिवसांत विसरलों असतों.

दुसरे दिवशीं सकाळीं आम्ही एकटेच ठठेरी बाजारांतून गेलों. दोन्ही बाजूंस पितळेचीं ताम्हनें, पळ्या, झाऱ्या, समया यांचे ढीग. काशीस पितळ घेऊन येणारा गृहस्थ आमच्याखेरीज क्वचितच झाला असेल. धर्मशाळेंत घोंगड्या होत्या. ग्रंथांपैकीं एकाचीं सात पानें वाचून झालीं.

त्या दोन दिवसांच्या विश्रांतींत आम्हीं सर्वांच्या बॅगा उघडून पाहिल्या, तेव्हां आणखीही गोष्टी ध्यानांत आल्या. आमची मोठी टणक बॅग रिकामीच साडेचार किलोंची. म्हणजे पंधरांतला जवळजवळ तिसरा हिस्सा तीच खाते. सात माणसांत दंतमंजनें पांच, खोबरेल तेलाच्या बाटल्या चार, कात्र्या तीन. एकत्र कुटुंब म्हणून घरांत एक चूल पेटते, मग प्रवासांत सात बिऱ्हाडें कां थाटावीं? जाड टॉवेल अर्ध्या किलोचा एक, असे सहा. ओला झाला कीं तो दिवसभर वाळत नाहीं आणि वजन दुप्पट होतें. आमच्या वडिलांचा पंचा त्याच्या चौथाईच्या आसपास भरत असे, व पिळून दोरीवर टाकला कीं तासा-दोन तासांत वाळे. जुन्या लोकांच्या प्रवासांत ट्रंकच तेवढी आम्हीं ध्यानांत ठेवली आणि पंचा विसरलों.

आणि एक. आमच्या घरांत बॅग भरण्याचें काम बायकांचें व ती जड झाली म्हणून बोलण्याचें काम पुरुषांचें, अशी वांटणी पूर्वापार आहे. दुसऱ्यासाठीं बॅग भरणारें माणूस कांहीं वगळूं शकत नाहीं. एखादी वस्तु राहिली तर दोष तिच्याकडे येतो, जादा झाली तर फक्त हमालास त्रास. म्हणून परतीच्या वेळीं आम्हीं असें ठरविलें कीं, नातवासुद्धां प्रत्येकानें आपली बॅग आपण भरावी, आणि दोन मजले जिने स्वतः चढवून दाखवावी. सूनबाईंनीं टांगता काटा आणला. बॅग अडकवून उचलली कीं वजन दिसतें. जड पादत्राणें व लोकरीचा कोट अंगावर. दादा-वहिनींचीं रोजचीं औषधें हातांतल्या पिशवींत, कारण पोटांतली बॅग कधीं मागें राहिली तर रात्रीची गोळी चुकतां कामा नये. मोबाइलचा पॉवर बँकही हातांतच. तो पोटांतल्या बॅगेंत ठेवण्यास मनाई आहे.

परतीचा मोह निराळाच असतो. मावंद्यासाठीं गंगाजळ हवें, आणि शेजारपाजारच्या बारा घरांनीं आपापला गडू सांगून ठेवलेला. १८५७ सालीं वरसईहून उत्तरेकडे गेलेल्या विष्णुभट गोडशांनीं आईबापांसाठीं गंगेची कावड आणली, ही कथा दादांनीं त्या वेळीं आठवणीनें काढली. आम्हीं विनविलें कीं, गोडसे भटजी पायीं आले होते, त्यांस कोणी किलोमागें पैसे मागत नव्हतें. अखेर झाळलेला एकच गडू घेतला. मावंद्याच्या दिवशीं त्यांतलें पळी-पळी सर्वांस मिळालें व कोणी रागावलें नाहीं. वहिनींनीं नातीच्या लग्नासाठीं बनारसी शालू घेतला तो सव्वा किलोचा होता. त्याच्यासाठीं त्यांनीं आपल्या दोन शाली धर्मशाळेंतल्या स्वयंपाकीणबाईंस देऊन टाकल्या. आमचें ताम्हनही तेथील देवघरांत ठेवून आलों.

काशीस जाऊन एखादी वस्तु कायमची सोडावी, अशी चाल आहे. वहिनींनीं पडवळ सोडलें, जें त्यांस कधींच आवडत नसे. दादांनीं तपकीर सोडण्याचें सकाळीं मनावर घेतलें व सायंकाळपर्यंत बेत फिरविला. आम्हीं कांहींच सोडलें नाहीं.

परतीच्या काउंटरवर चौघांच्या बॅगा मिळून ५१ किलो भरल्या. आमची ११ होती. आम्ही ती पट्ट्यावर ठेवतांना जरा ताठच उभे होतों. पुण्यास घरीं आल्यावर स्नान करून बॅग उघडली, तों आमचा मुकटा नाहीं, आणि रोजचा चष्माही नाहीं. दोन्ही धर्मशाळेच्या खिडकींत राहिले. चाळीस वर्षांत आमच्या कुटुंबानें भरलेल्या बॅगेंतून कधीं कांहीं राहिलें नव्हतें. आम्ही माजघरांत जाऊन हळूच सांगितलें. ती परडींत फुलें निवडीत होती, मान वर न करतां म्हणाली, "अहो, काशीस कांहीं तरी सोडून यायचेंच असतें."